आपापल्या घरासमोरील तट

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय १ ते ६. वर्गात मोठ्याने वाचावयाचा भाग : अध्याय ३, आणि अध्याय ५ यातील वचने १ ते १३.

पाठाचा हेतू : घराची बळकटी व वस्तीची सुधारणा ही दोन कामे नसून एकच काम आहे, आणि ते देवाच्या लोकांनी हाती घ्यावयाचे आहे, हे शिकणाऱ्यांच्या मनावर ठसविणे.

खेड्यांतील मंडळ्यांत प्रार्थनासभा संपावयाच्या वेळी, "कोणाची काही विनंती आहे काय?" असे उपदेशक विचारतात. मग एक एक जण उठतो. एक भगिनी म्हणते की, घरधनी पिऊन येतात, त्यांच्याकरिता प्रार्थना करा. एक म्हातारे म्हणतात की, मुलगा व सून ऊसतोडीस गेली, नातवंडे बरोबर नेली, त्यांची शाळा बुडाली. तिसरी बाई म्हणते की, वस्तीच्या नळास चार दिवस पाणी नाही. कोपऱ्यातून कोणी तरुण हळूच सांगतो की, गटार तुंबून दारापर्यंत आले आहे व लेकरे आजारी आहेत. उपदेशक साऱ्यांकरिता प्रार्थना करितात, आमेन होते, व कंदील किंवा विजेरी घेऊन लोक घरोघर जातात.

आता ह्या विनंत्यांचे आपण मनात काय करितो? बहुधा आपण त्यांचे दोन भाग पाडितो. दारूचे व्यसन, नवराबायकोचा तंटा, मुलांची वागणूक, ही आत्मिक गोष्ट, आणि ती मंडळीची. पाणी, गटार, अंगणवाडी, रस्त्यावरील दिवा, ही संसारिक गोष्ट, आणि ती सरपंचाची. पहिलीविषयी आपण उपदेश करितो. दुसरीविषयी कुरकुर करितो. ही वाटणी शास्त्रास मान्य आहे काय, हे आज नहेम्याच्या पुस्तकातून पाहू.

१. मोडलेला तट व दुःखी मनुष्य

इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडिले व तिच्या वेशी जाळिल्या. पुढे काही यहूदी परत आले, मंदिर पुनः बांधिले गेले, परंतु नगराचा तट पडलेलाच राहिला. सुमारे १४० वर्षांनी, म्हणजे इ. स. पू. ४४५ च्या सुमारास, नहेम्या नावाचा यहूदी शूशन येथे पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. त्याची नोकरी मानाची होती, पोट भरलेले होते, आणि यरुशलेम शेकडो कोसांवर होते. तरी भावाच्या तोंडून तेथील हकिगत ऐकताच तो खाली बसला व रडला.

त्याने पुढे काय केले, त्याचा क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम त्याने उपास व प्रार्थना केली, आणि ती एक दिवस नव्हे, तर सुमारे चार महिने. त्यानंतर राजापुढे विनंती केली. ती मोघम नव्हती. किती काळ रजा पाहिजे, कोणत्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे पाहिजेत, वेशींकरिता लाकूड कोणाकडून मिळावे, हे सर्व त्याने नेमके सांगितले. मग यरुशलेमेस पोहोचल्यावर तीन दिवस तो गप्प राहिला, आणि रात्री थोडी माणसे घेऊन पडका तट स्वतः फिरून पाहिला. शेवटी त्याने लोकांस एकत्र करून बोलाविले. प्रार्थना, नेमकी मागणी, प्रत्यक्ष पाहणी, आणि लोकांची एकजूट, अशा ह्या चार पायऱ्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळांची पहिली पायरी होते, व दुसरीपाशी पाय अडखळतो.

तटावाचून नगर म्हणजे काय, हेही समजून घ्यावे. त्या काळी तट नसला म्हणजे चोर, लुटारू व श्वापदे ह्यांस मोकळी वाट. अशा नगरात कोणता बाप निश्चिंत निजेल? कोणती आई मुलास अंगणात सोडील? तट हा नगराचा असे, परंतु त्याच्या आड जे राखले जात असे ते घर होते. म्हणून चौथ्या अध्यायात शत्रूंचे भय उत्पन्न झाले तेव्हा नहेम्याने लोकांस कुळांप्रमाणे उभे केले, आणि आपले भाऊ, आपले पुत्र, आपल्या कन्या, आपल्या बायका व आपली घरे ह्यांच्यासाठी लढा, असे सांगितले.

२. नावांची यादी काय शिकविते

तिसरा अध्याय वाचताना पुष्कळ लोक कंटाळतात. त्यात अवघड नावांची लांब यादी आहे. परंतु उपदेशक बंधूंनी तो टाळू नये. देवाने ज्या कामकऱ्यांची नावे जपून ठेविली, त्यांजपासून चार गोष्टी शिकण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, पुष्कळांनी आपापल्या घरासमोर बांधिले. यदायाने आपल्या घरासमोर, बन्यामीन व हश्शूब ह्यांनी आपल्या घरासमोर, याजकांनी ज्याने त्याने आपल्या घरासमोर. मशुल्लाम नावाच्या एकाविषयी तर त्याने आपल्या खोलीसमोर डागडुजी केली असे लिहिले आहे. मोठे घर नसेल, त्याने खोलीसमोर बांधावे! ज्याच्या दारापुढे भगदाड आहे, त्यास त्याची गरज इतर कोणाहून अधिक कळते, आणि काम कच्चे राहिले तर त्याचेच लेकरू आधी सापडते. म्हणून असा मनुष्य दगड नीट बसवितो.

दुसरी गोष्ट अशी की, कामात सर्व होते. मुख्य याजक अल्याशीब आपल्या भाऊबंदांसह सर्वांआधी उठला व त्याने मेंढरांची वेस बांधिली. सोनार होते, सुगंधी द्रव्ये करणारे होते, व्यापारी होते. यरीहोचे लोक दूरून आले. शल्लूम नावाच्या अंमलदाराबरोबर त्याच्या कन्यांनीही काम केले. त्या काळच्या यादीत मुलींचा उल्लेख येणे ही लहान गोष्ट नव्हे. बाप अंमलदार, आणि लेकींच्या हातास चुना! अशा घरास बळकट घर म्हणावे.

तिसरी गोष्ट अशी की, उकिरडावेसही कोणी तरी बांधिली. नगराचा केरकचरा ज्या वेशीने बाहेर जाई ती ही वेस. ती दुरुस्त करणारा मल्कीया हा एका प्रांताचा सरदार होता. आपल्या देशात घाणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या माथी मारिले गेले, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबापणजोबांनी ते सोसले. त्या आपणांस हे वचन दुहेरी बोलते. घाणीचे काम करणारा मनुष्य हलका नव्हे. आणि ते काम केवळ एकावर लादणे हा देवाचा मार्ग नव्हे. जेथे सरदार उकिरडावेस बांधितो, तेथे कोणास कमी लेखावे?

चौथी गोष्ट दुःखाची आहे. तकोवा गावच्या थोर लोकांनी कामास मान दिली नाही. परंतु त्याच गावच्या साध्या लोकांनी आपला भाग बांधून शिवाय दुसरा भागही बांधिला. पुढारी येत नाहीत म्हणून ते घरी बसले नाहीत. आपल्या गावातही मानकरी मागे राहिले तर काय करावे, ह्याचे उत्तर तकोवेकरांनी देऊन ठेविले आहे.

ह्या रीतीने बावन्न दिवसांत तट पुरा झाला. १४० वर्षे पडलेले काम बावन्न दिवसांत! उशीर दगडांचा नव्हता, मनांचा होता.

३. तटाच्या आतील आक्रोश

परंतु इतकेच शिकवून पाठ संपविला तर तो अर्धा राहील. पाचव्या अध्यायात, काम चालू असताना, घरांतून आक्रोश उठला. आणि त्यात बायकाही होत्या, असे शास्त्र मुद्दाम सांगते. त्यांचे गाऱ्हाणे असे होते की, दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली. राजाचा कर भरावयास कर्ज काढावे लागले. आणि पुत्र व कन्या दास्यात द्यावी लागत आहेत. सावकार कोण होते? परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते.

बाहेरचा तट उंच होत होता, आणि आतील घर ढासळत होते. नहेम्या ह्यावर फार संतापला. तथापि रागाच्या भरात तो बोलला नाही. आधी त्याने मनात विचार केला, मग धनवानांस सर्वांसमक्ष दोष दिला, आणि शेते, मळे, घरे व व्याज परत करविले. स्वतः सुभेदार असताना बारा वर्षे त्याने सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. ज्यास लोकांचे घर वाचवावयाचे आहे, त्याचे हात आधी स्वच्छ असावे लागतात.

हा अध्याय आपल्या वस्तीचा आरसा आहे. लग्नात ऐपतीबाहेर खर्च, त्यासाठी कर्ज, कर्जासाठी मुकादमाची उचल, उचलीसाठी स्थलांतर, आणि स्थलांतरात मुलांची शाळा बुडणे, ही साखळी आपण पाहतो. तिची एक कडी घराच्या आत आहे, दुसरी बाहेर. बापाने दारू सोडावी व लग्न साधेपणाने करावे, हे आतील काम. वाजवी व्याजाने कर्ज मिळावे, गावी काम मिळावे, व आईबाप कामास गेले असता लेकरांस सांभाळणारे कोणी असावे, हे बाहेरील काम. एक केले व दुसरे टाकिले तर साखळी तुटत नाही.

४. जामखेडचा दाखला

कोणी म्हणेल, ही तर फार प्राचीन गोष्ट झाली. म्हणून आपल्याच मुलखातील एक गोष्ट सांगतो. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोर येथे शिकून, अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशनच्या दवाखान्यात काम करू लागले. ह्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. तेथे त्यांस असे दिसले की, रोगी बरा होऊन घरी जातो व तोच रोग घेऊन परत येतो. कारण रोगाचे मूळ दवाखान्यात नसून गावातील पाण्यात, उपासमारीत व अज्ञानात आहे. म्हणून १९७० मध्ये त्यांनी दुष्काळी अशा जामखेड तालुक्यात नवे काम आरंभिले.

त्यांनी गावकऱ्यांस आधी विचारले की, तुम्हास काय पाहिजे? लोकांनी औषध मागितले नाही. अन्न व पाणी मागितले. मग गावोगावी शेतकऱ्यांची व स्त्रियांची मंडळे उभी राहिली. प्रत्येक गावाने आपल्यातून एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडली. ह्यांपैकी पुष्कळ बाया निरक्षर होत्या, आणि पुष्कळ दलित वस्तीतील होत्या. त्या जामखेडास येऊन शिकत, व गावी जाऊन बाळंतिणीची काळजी घेणे, जुलाब झालेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी देणे, लहान मुलांची वजने घेणे, ही कामे करीत. पाण्यासाठी नव्या विहिरी व हातपंप करिताना दलित वस्तीतील जागाही मुद्दाम निवडण्यात आल्या. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या गावच्या पाणवठ्यापासून दूर ठेविले होते, त्यांच्या दारी साऱ्या गावास पाण्यास यावे लागले. १९७९ मध्ये ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ मध्ये व डॉ. रजनीकांत २०११ मध्ये प्रभूकडे गेले.

ह्या दाखल्यात पाहावयाचे ते असे की, ज्या बाईस स्वतःच्या घरी कोणी विचारीत नव्हते, ती गावाची सेविका झाली, तेव्हा तिच्या घरातही तिचा शब्द चालू लागला. घर बळकट झाल्यावरच वस्ती सुधारते, असा नेम नाही. कित्येक वेळा वस्तीचे काम हाती घेतल्यानेच घर बळकट होते.

५. आज आपल्या हाती काय आहे

नहेम्याने राजाकडून पत्रे मागून घेतली. आपणांसही राज्याच्या कायद्याने काही पत्रे आधीच दिलेली आहेत. ती पेटीत पडून आहेत इतकेच.

ग्रामसभा ही त्यांतील पहिली. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो ग्रामसभेचा सभासद. त्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हावयाच्या असतात, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवशी त्या भरविण्याची वहिवाट आहे. सभेपूर्वी स्त्रियांची निराळी सभा घ्यावयाची असते. पिण्याचे पाणी, गटारे, दिवाबत्ती, स्वच्छता, हे विषय तेथेच मांडावयाचे. मांडताना, "आमच्याकडे कोणी लक्ष देत नाही", असे मोघम बोलू नये. कोणत्या गल्लीत, किती घरांस, किती दिवस पाणी नाही, हे लिहून न्यावे, अर्जाची पोच घ्यावी, व ठराव नोंदवहीत लिहिला गेला की नाही हे पाहावे. नहेम्याने रात्री तट फिरून पाहिला, तो ह्याचकरिता.

अंगणवाडी दुसरी. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व अंगावर पाजणाऱ्या माता ह्यांच्यासाठी ती आहे. तेथे आपले मूल जाते काय, त्याचे वजन होते काय, हे बापानेही विचारावे. आईवरच टाकू नये.

शाळा तिसरी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींस शिक्षण मोफत आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चार सभासदांपैकी तीन पालक असावे, व समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या, असा नेम आहे. आपल्या मंडळीतील किती पालक तिच्या बैठकीस जातात?

दारू चौथी. गावात परवान्याचे दारूचे दुकान असेल, आणि गावच्या मतदार स्त्रियांपैकी निदान चौथा हिस्सा सह्या करून मागणी करील, तर गुप्त मतदान घ्यावे लागते. आणि एकूण मतदार स्त्रियांपैकी अर्ध्याहून अधिक जणींनी "आडवी बाटली" ह्या चिन्हास मत दिले, तर दुकान बंद होते. ज्या भगिनी प्रार्थनासभेत डोळे पुसून विनंती करितात, त्यांच्या हाती ही सही व हे मत आहे, हे त्यांस कोणी सांगितले आहे काय?

आणि कर्जाविषयी असे की, २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याहूनही जवळचा उपाय बचत गटाचा. दहा ते वीस बायांनी दर महिन्यास ठरलेली रक्कम जमा केली, हिशेब सर्वांसमक्ष वाचिला, आणि अडल्यानडल्यास त्यातून कर्ज दिले, म्हणजे सावकाराच्या उंबऱ्यावर जावे लागत नाही.

६. दोन इशारे

पहिला इशारा. केवळ आपल्या मंडळीच्या घरांपुरते पाणी व आपल्याच गल्लीपुरता रस्ता मागू नये. तटाचा स्वभाव असा आहे की, शेजाऱ्याचा भाग पडका राहिला तर आपला भाग बांधून उपयोग नाही. चोर तिकडून आत येतो. आपला शेजारी हिंदू असो, बौद्ध असो, मुसलमान असो, एकाच गटाराच्या डासांनी दोघांची मुले आजारी पडतात. त्याच्या खांद्याला खांदा लावून काम केले तर आपल्या विश्वासास उणेपणा येत नाही. उलट प्रभूने शेजाऱ्यावर प्रीती करावयास सांगितले ते त्यास डोळ्यांनी दिसते.

दुसरा इशारा. तट पुरा झाला म्हणजे सर्व झाले असे नाही. सातव्या अध्यायात लिहिले आहे की, नगर विस्तीर्ण होते, परंतु आत माणसे थोडी होती व घरे बांधलेली नव्हती. म्हणून आठव्या अध्यायात पुरुष, स्त्रिया व समजण्याजोगी मुले एकत्र जमली, आणि एज्राने त्यांस नियमशास्त्र वाचून दाखविले. नळ आला व घरात शिवीगाळ तशीच राहिली, दिवा लागला व त्या उजेडात जुगार चालला, तर तट व्यर्थ. रोज संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून एक अध्याय वाचावा व प्रार्थना करावी, ही जुनी चाल मोडू देऊ नये. जो बाप संध्याकाळी मुलांस जवळ घेऊन शास्त्र वाचितो, त्याची वाट गुत्त्याकडे सहसा वळत नाही.

सनबल्लट व तोबीया हेही आपणांस भेटतील. तुमच्या भिंतीवर कोल्हा चढला तरी ती पडेल, अशी थट्टा त्यांनी केली. "तुम्ही अर्ज करून काय होणार?" असे आजही लोक म्हणतात. नहेम्याने थट्टेस थट्टेने उत्तर दिले नाही. त्याने प्रार्थना केली, पहारा ठेविला, आणि काम चालू ठेविले.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. राजापुढे बोलण्यापूर्वी नहेम्याने काय केले, व राजाकडे नेमके काय मागितले?
२. कोणाकोणाविषयी त्याने आपल्या घरासमोर बांधिले असे लिहिले आहे?
३. शल्लूमाच्या कन्यांपासून व तकोवेकरांपासून आपण काय शिकावे?
४. पाचव्या अध्यायातील आक्रोशाचे कारण काय? तसे कारण आपल्या वस्तीत आहे काय?
५. आपल्या घरासमोर कोणते भगदाड आहे?

ह्या आठवड्याचे काम

उपदेशक बंधूंनी पाठ संपल्यावर लोकांस लगेच घरी पाठवू नये. दोघा पुरुषांस व दोघी स्त्रियांस बरोबर घेऊन वस्तीची एक फेरी करावी, आणि जे मोडके दिसेल ते वहीत लिहावे : कोणता नळ, कोणते गटार, कोणते मूल शाळेबाहेर, कोणते घर कर्जात. घरातील दुःख सर्वांसमक्ष वाचू नये; ते प्रभूपुढे व त्या घरापुढेच बोलावे. राहिलेल्या गोष्टींतून एकच निवडावी, जी सर्वांच्या हातून होण्याजोगी आहे, आणि येत्या ग्रामसभेपूर्वी तिचा अर्ज लिहून त्यावर सह्या घ्याव्या. पुढील प्रार्थनासभेत "कोणाची काही विनंती आहे काय?" असे विचारल्यावर, "आणि त्याकरिता आपण काय करणार?" हेही विचारावे.

बंधुभगिनींनो, नहेम्याच्या यादीत ज्यांनी फार मोठे काम केले त्यांचीच नावे आहेत असे नाही. एकाने एका खोलीसमोरील तुकडा बांधिला, तरी देवाने त्याचे नाव लिहून ठेविले. आपला तुकडाही लहानच असेल. तो आपल्या दारासमोर आहे, आणि दुसरा कोणी तो बांधणार नाही. प्रभू आपले हात बळकट करो.